पऱ्हाटीचा काटा, गांजाचा काटा

गांजाच्या झाडाची छाटणी व्यवस्थित व्हायला हवी आणि ती पोलिसांनी करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. मत ठाम असलं की माहिती जरा कमी असली तरी भागतं, हा आमच्या आर्णीचा जुना नियम. अरुणावतीच्या काठावर अमेरिकेच्या निवडणुकीपासून गुलाबी बोंडअळीपर्यंत सगळ्यांचे निकाल लावून झालेले असतात. गांजा तेवढा राहिला होता. माझ्या पात्रतेचं म्हणाल तर शेती हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणजे मी तिच्यावर बोलतो. कायद्याची कलमं वाचतो, सव्वाशे वर्षांपूर्वीचे सरकारी अहवाल वाचतो, आणि कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्या सोडून आजवर काही खुडलेलं नाही. ज्यांनी खरोखर खुडलं आहे ते या विषयावर लिहिणार नाहीत, लिहू नये असाच अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २० चा त्यांना सल्ला आहे. तेव्हा मैदान मोकळं आहे आणि मोकळ्या मैदानात मी नेहमीच चांगला खेळतो.

छाटणी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सांगायला मला आवडतं. परदेशात हा आता घरगुती उद्योग झाला आहे. कॅनडातल्या बहुतेक प्रांतांत १७ ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडं लावता येतात, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून माणशी तीन. आपल्याकडे सोयाबीन निघून दसऱ्याचा बाजार भरतो, त्या सुमारास तिकडे माणसं टेबलाभोवती कात्र्या घेऊन बसतात. आधी मोठी, पंज्यासारखी पानं मोडून बाजूला टाकायची. मग फुलोऱ्यातून डोकावणारी बारकी पानं अणकुचीदार कात्रीने कातरायची. फुलावर अगदी बारीक ग्रंथी असतात, त्यांच्या टोकाला चिकाचा थेंब. सगळी नशा त्या थेंबात. तो चीक कात्रीला बसतो, पाती एकमेकांना सोडत नाहीत, बोटं काळी पडतात, मान धरते आणि एका झाडापायी दुपार जाते. हे ऐकून आमच्या तालुक्यातली कापूस वेचणारी कोणतीही बाई म्हणेल, यात नवल काय? नवल एवढंच, की तिकडे लोक हे काम हौसेने करतात, त्याचे फोटो काढतात आणि कोणाचं फूल जास्त गोटीबंद निघालं यावरून मैत्र्या तोडतात. या सगळ्यात पहिल्यांदा केरात जातं ते पान. आणि जगभर टी-शर्टवर, टोपीवर, गाडीच्या मागच्या काचेवर जे छापलेलं दिसतं, ते हेच केरात गेलेलं पान. छातीवर ते मिरवणारा तरुण आपण फार बंडखोर आहोत अशा समजुतीत असतो; प्रत्यक्षात तो काडीकचऱ्याची जाहिरात करत असतो.

पानावरून कोणाची परीक्षा करू नये, हे विदर्भात तरी वेगळं सांगायला नको, कारण आमच्याकडे अंबाडी आहे. अंबाडीचं खालचं पान साधं, वरचं पान पाच-सात बोटांचं, कडेने दातेरी. लांबून पाहाल तर थेट गांजा. लिनियससारख्या माणसालाही हे साम्य दिसलं आणि त्याने या निरपराध झाडाच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ घालून त्याची कायमची बदनामी करून ठेवली. जवळ गेलं की मात्र गोष्ट वेगळी. अंबाडीच्या दांड्यावर बारीक काटे असतात आणि तिचं फूल फिक्या पिवळ्या रंगाचं, मध्ये गडद लाल; असं सालस फूल गांजाला सात जन्मांत यायचं नाही. धुऱ्याच्या कडेने चार ओळी अंबाडी टाकलेली असते. तिचा कोवळा पाला खुडायचा, उकडून पाणी काढायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचं, घोटायचं आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतायची. फोडणीच्या तेलात हात आखडणाऱ्या घरी ही भाजी खायला जाऊ नये. सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा; या जेवणानंतर येणारी गुंगी कोणत्याही कायद्याच्या परिशिष्टात नाही, हे आमचं नशीब. पाला संपला तरी अंबाडीची नोकरी संपत नसे: दांडे नाल्याच्या पाण्यात सडवायचे, सालीचा वाख काढायचा, त्याचे दोर वळायचे. बैल त्या दावणीला बांधलेले असत. आता दोर नायलॉनचे आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि अंबाडी भाजीपुरती उरली. मला विचाराल तर यवतमाळ जिल्ह्याला मानचिन्ह द्यायचं झालं, तर त्यावर वाघ नको, अंबाडी हवी. पण मला कोणी विचारत नाही, आणि विषय गांजाचा चालला होता.

तर पान निर्दोष आहे, हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. १९८५ साली संसदेने अमली पदार्थांचा कायदा केला, तो १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी, अंमलात आला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे. बिया आणि पानं, शेंड्यांच्या सोबतीला नसतील तर, व्याख्येच्या बाहेर. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही हीच व्याख्या आहे, आणि ती आल्यामुळे आपली भांग वाचली. या व्याख्येत मला शाळेतल्या जुन्या हेडमास्तरांचा आवाज ऐकू येतो: पोरगं मुळात वाईट नाही, संगत वाईट. एकटं सापडलेलं पान सुटलं. फुलाबरोबर सापडलं तर फुलाइतकंच गुन्हेगार. महाराष्ट्रातल्या पानाने मात्र यावर हुरळून जाऊ नये, कारण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा भांगेलाही परवान्याशिवाय फिरू देत नाही. पण त्या कायद्यातली शिक्षा वेगळी, या कायद्यातली वेगळी. म्हणजे माणूस तुरुंगात किती वर्षं बसेल, हे पान आणि फूल वेगळं करण्यावर ठरतं. कात्री कायद्यानेच हातात दिली आहे. प्रश्न फक्त ती कोणी चालवायची हा आहे.

आता आमच्या भागातला नेहमीचा देखावा घ्या. तुरीच्या नाही तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, आडोशाला लावलेली झाडं पोलिसांना सापडतात. पंच बोलावले जातात, झाडं मुळासकट उपटली जातात, ओलीचिंब असतानाच काट्यावर चढतात आणि पंचनाम्यात हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, फुले, बिया व काड्या असलेला ओलसर पदार्थ अवतरतो. पंचनाम्याच्या गद्यावर माझा जीव आहे. मराठीत इतक्या थंड डोक्याने लिहिणारा दुसरा लेखक नाही. त्याला ना विशेषणांचा मोह, ना पूर्णविरामाची घाई. पण त्या एका वाक्यात त्याने काय काय एकत्र बांधलं आहे पाहा. खोड, फांद्या, पानं, बिया, पाणी, आणि अनेकदा मुळाला चिकटलेली वावरातली काळी मातीसुद्धा. फूल वाळलं की ओल्याच्या चौथाईला येतं, तिथे अख्ख्या ओल्या झाडात व्याख्येतला गांजा किती उरेल, हे सांगायला कृषी विद्यापीठ नको. गांजाची अल्प मात्रा एक किलो, व्यापारी मात्रा वीस किलो, असं २००१ च्या अधिसूचनेने ठरवलं आहे. एक किलोच्या आत असाल तर जास्तीत जास्त एक वर्ष, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोवर गेलात की कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, वर जामिनाला कलम ३७ आडवं. चार-सहा भरदार झाडं, पाऊस होऊन गेलेला, माती चिकट: वीस किलोला वेळ लागत नाही. हिशेबात व्यापारी ठरवली जाते ती मात्रा वस्तुतः निम्म्याहून अधिक माती आणि पाणी.

याच वावरातला दुसरा माल म्हणजे कापूस. तोही सरकार मोजतं. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो कागदावर. भाव मिळवायचा तर आधी मोबाईलवर ‘कपास किसान’ ॲपमध्ये नाव नोंदवा, मग गाडी जिनिंगच्या फाटकाशी रांगेत लावा. सीसीआयचा, म्हणजे कापूस महामंडळाचा, ग्रेडर येतो, ढिगात हात खुपसून मूठभर कापूस काढतो, ओलावा मोजायचं यंत्र टोचतो. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव. त्यापुढे टक्क्यामागे टक्का भाव कमी. बाराच्या वर गेला तर गाडी फिरवा. पानाचा चुरा दिसला, किडका कवडी कापूस दिसला, की प्रत उतरली. व्यापाऱ्याकडे गेलात तर कटतीचा हिशेब आणखी वेगळा. आता वेचणाऱ्या बाईची पंचाईत ऐका. सकाळी लवकर वेचलं तर बोंडाखालची वाळकी पानं दवाने नरम असतात, चुरा होत नाही, कापूस स्वच्छ निघतो. पण त्यात ओलावा असतो. ऊन चढल्यावर वेचलं तर ओलावा जातो, पण तीच पानं कुरकुरीत होऊन बोटाच्या धक्क्याने मोडतात आणि पांढऱ्यावर तपकिरी भुगा बसतो. शिवाय फुटलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी, नखांच्या कडा फाडणारी. तिची वेचाई किलोवर ठरते, म्हणजे तिला घाई हवी. मालकाला सफाई हवी. ग्रेडरला दोन्ही नकोत, त्याला आठ टक्के हवे. पान, काडी, माती, पाणी यांतलं काहीही सरकार विकत घेत नाही. तोच शेतकरी, तेच वावर, तेच पान, तीच माती. विकायला नेली तर वजनातून वजा, पकडली गेली तर वजनात जमा.

माझा सगळा युक्तिवाद एवढाच आहे. याला कोणी ललित कल्पनाविलास म्हणू नये, म्हणून इतिहास काढतो. इतिहास काढला की समोरचा घड्याळाकडे बघू लागतो, असा माझा अनुभव असल्यामुळे थोडक्यात काढतो. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग-गांजा-चरसाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष, १,१९३ साक्षीदार, सात खंडांचा अहवाल. तेव्हा आपल्या बाजूला नगर जिल्ह्यात आणि पलीकडे खांडव्याला गांजाची कायदेशीर शेती होती, सगळ्यात नावाजलेली आताच्या बांगलादेशातल्या नौगावची. नौगावला नर झाडं ओळखून उपटण्यासाठी परखदार नावाचा पगारी जाणकार वावरात फिरायचा, कारण नर राहिला तर मादीच्या फुलात बी भरायचं. तयार मालाचे प्रकार तीन: चपटा, गोल आणि चूर. चपट्यात काडी जास्त, गोलात कमी, चुरात त्याहून कमी. म्हणून तिन्हींवर करही वेगवेगळा. म्हणजे काडीवर फुलाचा कर लावणं अन्याय आहे, हे परक्या सरकारच्या अबकारी कारकुनाला कळत होतं, आणि तो कारकून काही करुणेचा सागर नव्हता. त्याला फक्त काटा खरा हवा होता. आपल्या स्वतंत्र देशात काडीवर फुलाची शिक्षा लागू शकते आणि कोणाला त्यात वावगं दिसत नाही.

कोणालाच नाही, असं म्हणणं बरोबर नाही; न्यायालयांना दिसतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, आणि त्यानंतर नागपूर खंडपीठानेही, जप्त मालात पानं, बिया, काड्या सरसकट असल्या आणि शेंडे वेगळे मोजलेले नसले तर व्यापारी मात्रा कशी धरायची, असा प्रश्न करून जामीन दिलेले आहेत. यावर सरकारी वकिलाचा आक्षेप मला ठाऊक आहे: सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिश्रणातला तटस्थ पदार्थही वजनात धरायचा. धरायचाच. हेरॉइनमध्ये पावडर मिसळणारा ती जाणूनबुजून मिसळतो, माल वाढवून विकायला. पण झाडाने मूळ आणि खोड माल वाढवायला मिसळलेलं नसतं. खोड ही भेसळ आहे असं मानायचं तर आंब्याच्या पेटीत सरकारने अख्ख्या आमराईचं वजन धरावं. दुसरा आक्षेप याहून भारी आहे. झाड लावणं हाच कलम २० प्रमाणे गुन्हा, एक झाड असो की शंभर, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. मग काट्याची कटकट कशाला? हे खरं आहे, आणि म्हणूनच मी म्हणतो की काटा मग वापरूच नका. पण तो वापरला जातो. लावण्याच्या गुन्ह्याला बाळगण्याचा जोडला जातो, जामीन वजनावर अडतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात किलोंचा आणि लाखांचा आकडा येतो. त्या आकड्यामागे काळी माती उभी असते.

तिसरा आक्षेप माझ्याच घरच्या माणसांचा असेल: म्हातारपणी हे काय गांजाची वकिली? वकिली नाही. कोवळ्या वयातल्या पोरांचं डोकं या धुराने कसं बिघडतं, हे डॉक्टर सांगतात आणि मी मानतो. वीस किलो शेंडे सापडलेल्याला वीस किलोची शिक्षा द्या, माझा शब्दही आडवा येणार नाही. मी काट्याची वकिली करतो आहे. पण आता विनोद जरा बाजूला ठेवतो, कारण काट्याचं प्रकरण फक्त गांजापुरतं नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, फवारा वरून खाली यायच्या ऐवजी तोंडावरच येत होता. त्यानंतर हातमोजे नव्हते, मास्क नव्हता, प्रमाण चुकलं, असं सगळं मेलेल्याच्या खात्यावर जमा करायला लोक पटापट पुढे आले. जबाबदारी मोजताना शेतकऱ्याची मुळं, माती, सगळं धरलं जातं. भाव मोजताना त्याचं पान न् पान वजा होतं. याच आर्णी तालुक्यातल्या दाभडीला २० मार्च २०१४ रोजी देशभर गाजलेली ‘चाय पे चर्चा’ झाली. कापसाच्या भावाबद्दल तिथे खूप बोललं गेलं. काट्याबद्दल बोलायचं राहिलं.

भावाचं दुखणं गांजापर्यंत कसं पोचतं, तेही पाहा. २०२१ साली सोलापूरच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना रीतसर अर्ज केला, की कोणत्याच पिकाला खात्रीचा भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावू द्या. अमुक तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी आहे असं समजेन. परवानगी अर्थातच मिळाली नाही, आणि पोलिसांनी याला प्रसिद्धीचा खटाटोप म्हटलं. असेलही. पण त्या अर्जातलं वाक्यन् वाक्य कोणत्याही शेतकरी मेळाव्याच्या ठरावात शोभलं असतं, फक्त पिकाचं नाव बदलून.

चौथा आक्षेप व्यवहाराचा: ठाण्यात माणसं किती, त्यांनी छाटणी करायची कधी? मला यात अडचण दिसत नाही. ठाण्याच्या आवारात ताडपत्री अंथरावी, पंचांना आणि हवालदारांना एकेक कात्री द्यावी. पानं एकीकडे, खोड एकीकडे, शेंडे एकीकडे. चिकाने बोटं काळी होतील, पाती अडकतील, मान धरेल. वेचणीला जाणाऱ्या बाया हे चार महिने करतात, पोलिसांनी एक दुपार करावी. मग शेंडे वाळवावे, आणि सीसीआयचं ओलावा मोजायचं यंत्र हंगामाबाहेर कपाटात पडूनच असतं, ते मागून आणावं. आठ टक्के भरले की काटा. पंचनाम्यात ‘ओलसर’ या शब्दाची गरज उरणार नाही. गद्याचं थोडं नुकसान होईल, ते मी सोसतो.

आणि हे जमत नसेल, तर उलट करा. ठाण्यातला काटा जिनिंगवर आणा आणि तोच नियम कापसाला लावा: ओलं, वाळलं, पान, काडी, मूळ, माती, जे येईल त्याचं सरसकट वजन, भाव ८,११०. दोन्हीपैकी सरकारने कोणताही एक काटा निवडावा, आमची तक्रार नाही. आर्णीच्या शेतकऱ्याला विचाराल तर त्याची पसंती दुसऱ्याला आहे. पऱ्हाटी मुळासकट उपटून गाडीत भरायची त्याची उद्याच तयारी आहे.